बोलू न शकणाऱ्या दोस्ताशी काय बोलावं

बेळगाव,
रविवार दुपार

प्रिय बाळास,

पप्पाचा आणि मम्मीचा प्रभूच्या नावात सलाम.

तुझा परवा रात्रीचा व्हॉइस मेसेज मिळाला. मम्मीनं तो पुन्हा पुन्हा लावून ऐकला. तू नीट जेवतोस की नाही हे तिला म्हणे तुझ्या आवाजावरून कळतं. माझ्या डोक्यात मात्र तुझा प्रश्न राहिला. तुमच्या दवाखान्याच्या जहाजावर तुला ऑपरेशन झालेल्या एका पेशंटचा सोबती म्हणून नेमलंय. त्याचा जबडा काढलाय, त्याला बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी त्याची भाषा तुला येत नाही. "पप्पा, मी वायरिंगचा माणूस, मी तिथं बसून करू काय?" असं तू विचारलंस.

याचं उत्तर फोनवर द्यायचं तर मला मध्येच खोकला येतो आणि मम्मी मागून सूचना करत राहते. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. अक्षर कंडक्टरचं आहे, चालत्या गाडीत वे-बिल भरून बिघडलेलं. लावून वाच.

आधी इकडची गंमत सांगतो. पोरगा जहाजावर गेला म्हटलं की लोक मर्चंट नेव्ही समजतात आणि पगार डॉलरमध्ये का, असं विचारतात. पगार नाही, उलट राहण्या-जेवण्याचे पैसे त्यानंच भरायचे, असं सांगितलं की समोरचा गप्प होतो, मग विषय पावसावर जातो. उद्यमबागेत तुझ्या शेजारच्या शेडमध्ये काम करणारा तो पोरगा मात्र सरळ म्हणाला, "काका, मग फायदा काय?" त्याला चहा पाजून सगळं सांगितलं. मर्सी शिप्स ही संस्था १९७८ साली स्वित्झर्लंडात लोझानला सुरू झाली. तू आहेस त्या ग्लोबल मर्सी जहाजावर सहा ऑपरेशन थिएटरं आहेत. डॉक्टर, नर्स, आचारी, वायरमन सगळे आपापल्या खर्चानं येतात आणि पेशंटला ऑपरेशन फुकट. पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओन देशातल्या फ्रीटाऊनच्या धक्क्याला जहाज लागतं ते एवढ्याचसाठी की त्या देशात बंदर आहे, पण सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आधी अकरा वर्षं यादवी, ती २००२ साली संपली, मग २०१४ मध्ये इबोलाची साथ. त्यात डॉक्टर-नर्सही गेले. लॅन्सेट या डॉक्टरी मासिकाच्या आयोगानं २०१५ साली सांगितलं होतं की जगातल्या पाच अब्ज लोकांना वेळेवर, परवडेल असं सुरक्षित ऑपरेशन मिळत नाही. पोरगा म्हणाला, "काका, त्यात आपल्या खानापूरच्या जंगलातलीही धरली असतील की." धरली असणार. त्याचं काही खोटं नाही.

आता तुझ्या पेशंटकडे येतो. अमेलोब्लास्टोमा हे नाव तू सांगितलंस, ते मी वाचून घेतलं. दात ज्या पेशींपासून तयार होतात त्यांच्यातून ही गाठ उठते. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो, पण ती आपणहून थांबतही नाही. वर्षानुवर्षं जबड्याचं हाड फुगवत जाते, दात हलतात, तोंड मिटत नाही, शेवटी घास आणि श्वास दोन्ही अडतात. आपल्याकडे दातांचा डॉक्टर एक्स-रेत ती लहान असतानाच बघतो. तिथं एक्स-रे सहज मिळत नाही, तर बघणार कोण? मग जबड्याचा तेवढा भाग काढून टायटॅनियमची पट्टी बसवतात आणि पुढं कधीतरी कमरेचं हाड घेऊन जबडा भरतात. तुझा पेशंट तुझ्याच वयाचा, मासेमारी करणारा, कितीतरी वर्षं तोंडावर फडकं बांधून फिरलेला. तो सगळा काळ लोकांनी एकतर त्याच्याकडे टक लावून बघितलं, नाहीतर मान फिरवली. आता तू बघणार आहेस. तर सरळ बघ. डोळ्यांत बघ, बँडेजकडे नको.

मी रविवारची उपासना संपल्यावर दवाखान्यात जातो ते तू लहानपणापासून बघतोयस, पण तिथं मी काय करतो ते कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आमच्या वॉर्डात जबड्याचे पेशंट येतात ते तुझ्याहून वेगळ्या कारणानं. निपाणीकडची तंबाखू, विडीच्या कारखान्यातली माणसं, आणि अलीकडे विशी-पंचविशीतली गुटख्याची पोरं. दुखणं वेगळं, ऑपरेशननंतरचे दिवस मात्र बरेचसे सारखे. नाकात नळी, तीतून दूध-पेज. गळ्याजवळ ड्रेनची बाटली. लाळ आवरत नाही, ती गळत राहते. सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते. तेव्हा आरसा हाती लागला तर माणसाला वाटतं गाठ परत आली. हे त्याला समजावून सांगणं सिस्टरचं काम आहे, दुभाष्याला घेऊन ती सांगेल. तू एवढंच बघ की त्याला कळलंय की नाही. कळलं नसेल असं वाटलं तर सिस्टरच्या कानावर घाल.

लाळेचं सांगतो. रुमाल त्याच्या हातात दे. स्वतः पुसायला जाऊ नकोस, तो दोन्ही हातांनी धडधाकट आहे. त्यानं तोंड पुसलं की तू बोलत होतास ते पुढं चालू ठेव.

अथणीकडचा एक म्हातारा शेतकरी होता, ऊसवाला. तंबाखूनं जबडा गेला होता. कानडी माणूस, मराठी जेमतेम. मी जाऊन म्हटलं, "आराम अदीरी?" आता जबडा काढलेल्या माणसाला आरामात आहात का विचारायचं म्हणजे कंडक्टरनं भरलेल्या गाडीत जागा आहे का विचारण्यासारखं, पण बोलायला सुरुवात कुठून तरी करावी लागते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हाताची पालथी बाजू दाराच्या दिशेनं हलवली. चालता हो. त्याची बायको खाली चटईवर बसली होती, ती वरमली आणि माझी माफी मागू लागली. मी म्हटलं, "इर्ली बिडरी अव्वा," असू द्या आई, आणि उठून गेलो.

पुढच्या रविवारी दारातूनच हात करून विचारलं, येऊ का? त्यानं स्टुलाकडे बोट दाखवलं.

बाळा, मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच. दवाखान्यात पडलेल्या माणसाला कशालाच नाही म्हणता येत नाही. सुई टोचायला येतात, पट्टी बदलायला येतात, रक्त काढायला पहाटे उठवतात, डॉक्टर आपल्या मागं दहा शिकाऊ पोरं घेऊन येतो आणि चादर बाजूला करतो. सगळं त्याच्याच भल्यासाठी आहे, पण त्याला कोणी विचारत नाही. दिवसभरात ज्याला तो नाही म्हणू शकतो असा एकच माणूस तिथं येतो, तो म्हणजे भेटायला आलेला. ते नाही म्हणणं त्याच्या हातून काढून घेऊ नकोस. तुला जहाजाच्या ऑफिसानं नेमलंय, त्यानं तुला निवडलेलं नाही, हे डोक्यात ठेव. रोज विचार, बसू का. मान हलली तर बस. डोळे मिटले तर ऊठ, आणि ते मनाला लावून घेऊ नकोस. उद्या परत दारात उभा राहा.

त्या म्हाताऱ्याचं पुढं सांगतो. दोन-चार रविवार मी नुसता बसलो. उसाचा दर, कारखान्याची बिलं, कृष्णेला पाणी किती, असलं एकट्यानं बोलत बसायचो. तो भुवया हलवायचा, चुकीचं बोललो की हात झटकायचा. ऊस त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होता. एकदा गेलो तर त्यानं एक्स-रेच्या मोठ्या पाकिटाच्या मागं पेननं घरं आखून ठेवली होती. चौकाबारा! मधलं घर, चार बाजूंची फुल्यांची घरं, सगळं बेतशीर. बायकोनं कुठून तरी चिंचोके मिळवून, फोडून अर्धे केले होते. चारी पांढऱ्या बाजूनं पडले की चौका. सोंगट्या म्हणून इंजेक्शनच्या बाटल्यांची रंगीत टोपणं. म्हातारा अट्टल खेळाडू होता आणि लबाडही. मी चहा घ्यायला मान वळवली की त्याची सोंगटी एक घर पुढं गेलेली असायची. मला सगळं दिसायचं. शेजारच्या खाटेवरच्यालाही दिसायचं आणि तो पोटावर उशी दाबून हसायचा, कारण त्याच्या पोटाला टाके होते. (पोटाचं ऑपरेशन झालेल्याला हसवू नये. हसायचं झालंच तर उशी पोटाशी धरावी. खोकतानाही तेच.) मी त्या म्हाताऱ्याकडून एकदाही जिंकलो नाही.

तेव्हापासून त्या वॉर्डात मी भेटायला येणारे मास्तर उरलो नाही, तर दर रविवारी येऊन हरणारा कंडक्टर झालो. बाकीच्या पेशंटांचं माझ्याशी बोलणंच बदललं. हे मी काही ठरवून केलं नव्हतं, म्हाताऱ्यानं केलं. त्याला मला द्यायला काहीतरी सापडलं, तेव्हा कुठं ती ओळख ओळख झाली. त्याआधी मी नुसता भला माणूस होतो, आणि भल्या माणसाशी दोस्ती करणं फार अवघड असतं.

तू लिहिलंस की तिकडेही लुडो जोरात खेळतात. मग प्रश्नच नाही. पट घेऊन जा. आणि लहान पोराशी खेळतो तसं मुद्दाम हरू नकोस, त्याला लगेच कळेल. मन लावून खेळ आणि हर. त्याला मासेमारीतलं विचार. जाळं कसं विणतात, गाठ कुठली मारतात ते हातानं दाखवता येतं, त्याला जबडा लागत नाही. एक दोरी घेऊन जा. वायरच्या गाठी तुला येतात, तुझ्या तू दाखव, त्याच्या तो दाखवेल. दुभाषा नसेल त्या दिवशी हे जास्त उपयोगी पडेल. दुभाषा असेल तेव्हाही बोलताना पेशंटकडे बघ. दुभाष्याकडे बघून "याला विचार" असं म्हणालास की खाटेवरचा माणूस वस्तू होतो.

हो किंवा नाही एवढ्यात उत्तर येईल असेच प्रश्न विचार. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला बोलता येणाऱ्यालाही उत्तर देता येत नाही. एका वेळी एकच विचार आणि थांब. आपल्याला गप्प बसवत नाही, म्हणून आपण दुसरा प्रश्न टाकतो, मग तिसरा, आणि बिचारा पहिल्याचंच उत्तर मानेनं देत असतो.

खाटेवर बसू नकोस, खाट हलली की टाक्यांना कळ लागते. हात धुऊन जा. सर्दी असेल त्या दिवशी जाऊच नकोस, दारातून हात कर. पाणी मागितलं तरी देऊ नकोस, सिस्टरला विचार. हे सगळं तुम्हाला तिथं शिकवलं असेलच, पण बापानं सांगितलं नाही असं व्हायला नको.

भेटायला येणाऱ्यांचा एक प्रकार आपल्याकडे आहे, त्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हा माणूस खाटेजवळ उभा राहतो, पेशंटला वरून खालपर्यंत बघतो आणि म्हणतो, "आमच्या मावशीच्या दिराला अगदी हेच झालं होतं." पेशंटचे डोळे मोठे होतात. मावशीचा दीर पुढच्या वाक्यात मरतो. मग हा माणूस केळी ठेवतो, ज्याला तोंडानं काही घ्यायचं नाही त्याच्या उशाशी, आणि जातो. दुसरा प्रकार आपल्याच मंडळीतला. तो मोठ्या आवाजात अर्धा तास प्रार्थना करतो, पेशंटच्या पापांची क्षमा मागतो, शेजारच्या चार खाटांवरच्यांना वाटतं की याला काही आशा राहिलेली नाही. पास्टरांना मी एकदा याबद्दल बोललो. ते हसले, आणि पुढच्या भेटीला स्वतः येऊन दोन वाक्यांत आटोपलं.

प्रार्थनेचं विचारशीलच. तू तिथं ख्रिस्ती संस्थेतर्फे गेलायस, आणि तुझा पेशंट मुसलमान आहे. त्या देशात बहुसंख्य तेच आहेत. इथं आपल्याकडे काय चाललंय ते तुला ठाऊक आहे. २०२१ च्या डिसेंबरात धर्मांतराविरुद्धचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं ते इथंच, हलग्याजवळच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटकच्या इथल्या विधानभवनात, आणि २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. भेटवस्तू, नोकरी, फुकट शिक्षण अशा सगळ्याला लालूच म्हणता येईल असा. तेव्हापासून वॉर्डात पिशवीतून बायबल काढताना आपली माणसं आधी इकडंतिकडं बघतात. मला त्या कायद्याचा राग आहे, कारण तो धरतो की आपण आजाऱ्याकडे जातो ते काहीतरी उकळायलाच. पण तो कायदा नसता तरी मी वॉर्डात स्वतःहून प्रार्थना काढली नसती. कारण तेच, वर लिहिलेलं. फुकट ऑपरेशन झालेला, नाकात नळी असलेला माणूस तुला "नको" कसं म्हणणार? त्यानं मान हलवली तरी ती खुशीची की भिडेची, तुला कळणार नाही. त्यानं आपणहून विचारलं, हात जोडून दाखवलं, तर कर. थोडक्यात कर, हळू कर. नाहीतर केबिनमध्ये जाऊन त्याचं नाव घे, प्रभूला तिथूनही ऐकू येतं. आणि तो खाटेवर बसल्या बसल्या नमाज पढत असेल तर तेवढा वेळ लुडो बाजूला ठेव.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं वर्णन आहे ते तुला पाठ आहे. त्यात भुकेल्याला जेवण दिलं, उघड्याला कपडे दिले असं आहे. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र बरं केलं असं नाही, नुसतं समाचाराला आला एवढंच. मी कंडक्टर, तू वायरमन, दोघंही डॉक्टर नव्हे, म्हणून मला ती ओळ फार सोयीची वाटते.

तुझी पणजी मिरजेला होती ते तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. मिशनरी डॉक्टर वॉनलेस १८८९ साली भारतात आले, १८९४ मध्ये मिरजेला दवाखाना उभा राहिला. पणजी तिथं लागली तेव्हा वॉनलेस परत गेलेले होते, पण दवाखान्याचं नाव एवढं होतं की मीटरगेजच्या गाडीतून रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ इथून पेशंट अंथरूण-पांघरूण आणि तव्यासकट यायचे. पणजी बायबलबाई होती. पगार थोडका, काम बायकांच्या वॉर्डात जाऊन वाचून दाखवायचं. आम्हाला ती सांगायची की वाचन ऐकायला कोणी फारसं तयार नसायचं. तिनं पिशवीत बायबलाशेजारी एक लाकडी फणी आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवायला सुरुवात केली. ऑपरेशन झालेल्या बाईला हात वर करवत नाहीत, आठ-पंधरा दिवस केस विंचरलेले नसतात, गुंता होतो, उवा होतात, आणि त्याची लाज टाक्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त असते. पणजी पाठीमागं बसून गुंता सोडवायची. डोकं तिच्या हातात असताना, तोंड दुसरीकडे असताना, बायका जे बोलायच्या ते त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नसायचं. तिनं त्यातलं आम्हाला काही सांगितलं नाही. विचारलं की म्हणायची, "ते माझं नाही."

यावरून आणखी एक. तुझ्या पेशंटचा फोटो मम्मीनं मागितला होता. पाठवू नकोस. तुम्हाला तसाही परवानगीशिवाय काढता येत नसेल, आणि ते बरंच आहे. मम्मीला मी समजावतो. तू सुटीवर आलास की आपल्या चर्चमध्ये तुला साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूनं काय केलं ते सांगायला, उभा करतील हेही मला आताच दिसतंय. सांगायचं तर जहाजाचं सांग, जनरेटरचं सांग, समुद्राचं सांग, तुझी स्वतःची साक्ष दे. त्या माणसाचा चेहरा आधी कसा होता आणि नंतर कसा झाला ते भर सभेत सांगू नकोस. तो तुझी साक्ष होण्यासाठी खाटेवर पडलेला नाही. पणजीच्या भाषेत, ते तुझं नाही.

सोबतच्या माणसाकडे लक्ष दे. पेशंटला सगळे विचारतात, खाली चटईवर झोपणाऱ्याला कोणी विचारत नाही. तुझ्या पेशंटबरोबर त्याची बहीण आहे म्हणालास. तिनं कामधंदा, घर, कदाचित पोरं मागं टाकलीत. तिलाही पटावर बसव, लुडोला चार रंग असतात.

फाटक्या ओठाच्या बाळांचं शिबिर आपल्याकडे होतं तेव्हा मी फॉर्म भरायला मदत करतो. तीन महिन्यांचं बाळ, वजन पाच किलोच्या आसपास आणि रक्त पुरेसं असेल तर ओठ शिवतात. टाळूचं ऑपरेशन पुढं, वर्षाच्या आसपास. नंतर बाळानं टाक्यांना हात लावू नये म्हणून कोपरं वाकू नयेत अशा पट्ट्या बांधतात, आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. बाळाचं चाललेलं असतं ठीक. आईचं नसतं. ग्रहणात तिनं विळी घेतली, म्हणून पोराचा ओठ कापला गेला, असं सासरच्यांनी तिच्या डोक्यात घातलेलं असतं. ओठ शिवून झाला तरी ते तिच्या डोक्यातून जात नाही. एकदा तिथल्या सिस्टरनं एका आईला शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान बाईकडे नेलं, तिच्याही बाळाचा ओठ तसाच होता. सिस्टर म्हणाली, "हिला विचार, हिच्याकडे ग्रहण पाळत होते का?" ती म्हणाली, "नाही बाई, आम्हाला तर शेजाऱ्यांनी दुसरंच सांगितलं होतं." मग दोघी जणी आपापल्या शेजाऱ्यांवर जे तुटून पडल्या! तो आजार बऱ्याच अंशी कशामुळे होतो ते डॉक्टरांनाही नेमकं सांगता येत नाही, ग्रहणात विळी घेतल्यामुळे नाही एवढं नक्की. तुझ्या पेशंटच्या बहिणीलाही गावात कोणी काय काय सांगितलं असेल, कोणाचा शाप, कोणाची करणी. तुला ते खोडून काढता येणार नाही. त्याच वॉर्डात तसाच जबडा असलेले आणखी दोन-तीन जण असतील, त्यांच्या सोबतची माणसं असतील. त्यांची गाठ पडू दे.

शेवटचं, निरोपाचं. त्याला वॉर्डातून किनाऱ्यावरच्या होप सेंटरला हलवतील, तिथून घरी. निघताना "मी तुझ्या गावाला येईन" असं म्हणू नकोस. आपण ते सहज म्हणून जातो, तो दारात वाट बघत बसेल. पैशाचंही काही कबूल करू नकोस. नियमात बसत असेल आणि त्यानं काही दिलं, मासा, जाळ्याची दोरी, काहीही, तर घे आणि नाटक न करता घे. त्या अथणीच्या म्हातारीनं मला कानडी पेपरात बांधून गुळाचा खडा दिला होता. मम्मीनं त्याच्या पोळ्या केल्या, तू खाल्ल्यास. म्हातारा घरी गेल्यावर पुढं काय झालं ते मला कळलं नाही. मी विचारायला गेलो नाही आणि जायचंही नव्हतं.

घरी सगळं ठीक. पाणी आठवड्यातून एकदाच येतं, टाकी भरून ठेवतो. तुझी बाईक चालू करून ठेवतोय. बेंगळुरूची ती नर्स पुढच्या महिन्यात जहाजावर येतेय म्हणालास, तिच्याबरोबर गोकाकचा करदंट पाठवतोय, दोन डबे. पेशंटला देऊ नकोस, चिवट असतो आणि सुका मेवा भरलेला, त्याला चावायचा नाही. एक डबा दुभाष्याला आणि त्या बहिणीला दे. कुंदाही पाठवायचा मम्मीचा हट्ट होता, पण तो तिथवर टिकायचा नाही.

तुझा,
पप्पा